तेराच्या घरात

"तुम्हाला फसवलंय आप्पा."

संक्रांत होऊन चारपाच दिवस झाले होते. फोनवर मी हे बोलून गेले आणि पलीकडं इतका वेळ काहीच ऐकू येईना की शेवटी गोठ्यातल्या म्हशीनं साखळी ओढल्याचा आवाज तेवढा आला. त्या दिवशी सकाळी आप्पांची बारा क्विंटल हळद सांगलीच्या मार्केट यार्डात गेली होती. गेल्या सालातली, दर बरा होईल म्हणून थांबवून ठेवलेली. मिळाला साडेतेरा हजार. मला हे दादाकडून कळलं, पण त्याच्या अर्धा तास आधी माहेरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर त्या दिवशीचा बाजारभाव येऊन पडला होता : हळद राजापुरी, किमान १२,०००, कमाल २१,०००, सरासरी १६,५००. सरासरी साडेसोळा आणि आमच्या आप्पांना साडेतेरा! क्विंटलमागं तीन हजार, बारा क्विंटलचे छत्तीस हजार. साताऱ्यातल्या माझ्या स्वयंपाकघरात कणकेच्या हातानं फोन धरून मी हा छत्तीस हजारांचा आकडा त्यांना ऐकवला, वर ते वाक्यही.

"सरासरीनं कुणाची हळद जात नसती, बाई," आप्पा म्हणाले. आवाज चढला नव्हता. मग "जेवलीस का?" विचारलं आणि उत्तराची वाट न बघता फोन आईकडं दिला. मला ते एरवी 'पोरी' म्हणतात. 'बाई' हे बँकेतल्या, पंचायतीतल्या, परक्या बायकांसाठी.

आप्पांना हळदीतलं काही सांगायला जाणं म्हणजे किती आगाऊपणा होता ते मला फोन ठेवल्यावर जाणवायला लागलं. पन्नासेक वर्षं ते हळद करतात. दोन हळकुंडं घेऊन ते आधी एकमेकांवर वाजवून बघतात. नीट शिजून वाळलेली असतील तर खणखणीत वाजतात, कसर राहिली असेल तर आवाज बद्द येतो. मग कटकन मोडायचं आणि मोडलेली बाजू उन्हाकडं धरायची. जास्त शिजलं तर रंग उतरतो, कमी शिजलं तर ठिसूळ राहतं, आणि हे दोन्ही घेणाऱ्याला पोतं फोडल्याबरोबर कळतं, असं त्यांचं म्हणणं. पूर्वी आमची पोती हरिपूरच्या पेवात असायची. कृष्णा-वारणेच्या संगमाजवळची ती जमिनीतली खोल पेवं. उघडल्यावर लगेच माणूस उतरवायचा नाही, आधी कंदील सोडायचा, तो विझला नाही तर माणूस. २००५ च्या पुरात त्यातली बरीच पेवं पाण्यानं गेली आणि आमची हळद गोदामात आली. अशा माणसाला मी, जिला बाजारातून आणलेल्या हळदीच्या पुड्यात भेसळ आहे की नाही तेही सांगता येत नाही, ती 'फसवलंय' म्हणाले होते. आणि कशाच्या जोरावर? एका मेसेजच्या तिसऱ्या आकड्याच्या.

पुढच्या रविवारी गावी गेले. नव्या हळदीची काढणी सुरू झाली होती. वारणाकाठच्या आमच्या गावाला जानेवारी-फेब्रुवारीत एक वास येतो, ओल्या मातीचा, उकळत्या हळदीचा आणि डिझेलच्या धुराचा मिळून. पूर्वी काहिलीत शिजवायचे तेव्हा त्यात पाल्याच्या जाळाचा धूर असायचा, आता कुकर फिरतो गावातून. आप्पा शेतात होते. सोप्यात दादाचा मुलगा पालथा पडून गणित करत होता. दहावीला आहे, परीक्षा महिन्याभरावर. पुस्तक उघडं होतं ते नेमकं सांख्यिकीवर. केंद्रीय प्रवृत्तीची परिमाणे. मला हसूच आलं.

"आत्या, हे मध्य न् मध्यक मला सारखं उलटंसुलटं होतंय," तो म्हणाला.

होणारच. ही नावं ज्यांनी पाडली त्यांच्या विद्वत्तेबद्दल आदर राखून सांगते, एका अक्षराच्या फरकानं दोन वेगळ्या गोष्टी पोरांच्या पदरात टाकणं बरं नव्हे. मध्य म्हणजे आपली सरासरी. सगळ्यांची बेरीज, भागिले किती जण. मध्यक म्हणजे सगळ्यांना चढत्या क्रमानं ओळीत उभं केलं की बरोब्बर मधोमध जो उभा असेल तो. आणि बहुलक म्हणजे जो आकडा सगळ्यांत जास्त वेळा आलाय तो. पहिल्याला 'सरासरी'च राहू दिलं असतं तर निम्मी पोरं सुटली असती. एवढं त्याला सांगितलं आणि माझी नजर भिंतीकडं गेली. खुंटीला वाकडी तार लटकत होती आणि तिच्यात पट्ट्या ओवलेल्या होत्या. हिशेबाची पट्टी म्हणजे अडत्याकडून मिळणारा कागद : वजन, दर, रक्कम, त्यातून हमाली, तोलाई वजा, खाली हातात पडणारे पैसे. टेम्पो दादाचा. त्या दिवशी गावातल्या नऊ जणांची हळद त्यातून गेली होती आणि भाड्याचा हिशेब व्हायचा असल्यामुळं नवाच्या नऊ पट्ट्या अजून आमच्याच तारेत होत्या. कडांना पिवळी बोटं उमटलेल्या.

"काढ रे त्या खाली," मी म्हणाले.

आम्ही त्या शेणानं सारवलेल्या सोप्यात ओळीनं मांडल्या. दर तेवढे वाचते : १२,८००, १३,२००, १३,४००, मग तीन पट्ट्या १३,५०० च्या, मग १४,१००, १४,६०० आणि शेवटची २०,९००. पोरगं म्हणालं, "आता दोन्ही टोकांची एकेक उचल आत्या." डावीकडची एक, उजवीकडची एक, पुन्हा डावीकडची, उजवीकडची. चार फेऱ्यांत एक पट्टी उरली. साडेतेरा हजार. ती आप्पांची नव्हती, शेजारच्या काकांची होती. आप्पांची तिच्या डाव्या अंगाला पडली होती, पण दर तोच. म्हणजे मध्यक साडेतेरा. जास्त वेळा आलेला आकडाही तोच, तर बहुलक साडेतेरा. माझ्या पोटात पहिल्यांदा काहीतरी हललं ते इथं. नऊ जणांच्या ओळीत आमचे आप्पा मधोमध उभे होते आणि मी त्यांना रांगेच्या शेपटाला नेऊन बसवलं होतं.

"आता मध्य काढ."

त्यानं बेरीज करायला घेतली तशी मी त्याचा हात धरला. पुस्तकात गृहीतमध्य पद्धत आहे ना, ती वापर. तर म्हणाला ती अवघड आहे. अवघड! त्याचे आजोबा ती पद्धत शाळेचं तोंड पाचवीनंतर न बघता वापरतात. आप्पांना दहा जणांचे दर सांगा, ते बेरीज करत नाहीत. म्हणतात, "साडेतेरा धर. आता कोण किती वर, कोण किती खाली ते सांग." आम्ही तसंच केलं. साडेतेरा धरले. बारा आठशेवाला सातशेनं खाली, तेरा दोनशेवाला तीनशेनं, तेरा चारशेवाला शंभरानं, खालचे अकराशे. तिघं बरोबरीत, शून्य. वर सहाशे, अकराशे आणि शेवटचा एकटा सात हजार चारशे. वरचे नऊ हजार शंभर. वजाबाकी आठ हजार. आठ हजाराला नवानं भागलं, आठशे एकोणनव्वद. ते साडेतेरामध्ये मिळवले : १४,३८९. मोठ्या आकड्यांची बेरीज न करता सोप्यात बसल्याबसल्या आलेलं उत्तर. पोरगं खूश झालं. मग त्यानं पट्ट्या पुन्हा बघितल्या आणि त्याच्या कपाळाला आठी पडली. "आत्या, नवातले सातजण सरासरीच्या खालीच हैत की."

होतेच. वर फक्त दोघं. एक तर जेमतेम दोनशे रुपयांनी. त्या शेवटच्या पट्टीनं सगळ्यांची सरासरी वर ओढून नेली होती, आणि ती हळद होती किती, तर एक क्विंटल. वरच्या आळीतल्या एका पोरानं घरच्याघरी निवडून, एकसारखी लांब बोटं वेगळी काढून, पॉलिश करून नेलेली. पोराला मी गंमत म्हणून विचारलं, अडत्याच्या दिवाणजीनं चुकून एक शून्य जास्त लिहिलं आणि वीस हजार नऊशेचे दोन लाख नऊ हजार झाले तर? त्यानं गणित केलं. सरासरी ३५,२८९. आणि मध्यक? तो थांबला. पट्ट्या होत्या तिथंच होत्या, शेवटची शेवटीच. "साडेतेराच," तो म्हणाला, आणि मध्य-मध्यकातला त्याचा गोंधळ बहुतेक तिथंच मिटला. ओळीच्या टोकाचा माणूस कितीही लांब जाऊन उभा राहिला तरी मधल्याला जागा सोडावी लागत नाही. सरासरीचं तसं नाही, ती तराजूच्या दांडीसारखी. टोकाला जितकं लांब वजन टांगाल तितकं ते जास्त भरतं.

पण वजनाचा विचार डोक्यात आला आणि मी स्वतःलाच बोल लावला. आप्पांची बारा क्विंटल आणि त्या पोराची एक क्विंटल, दोघांना एकेक मत कसं द्यायचं? पट्ट्यांवरचं वजन वाचून पुन्हा केलं. सातशेनं खाली असलेल्याची सहा क्विंटल, तीनशेनं खाली त्याची आठ, शंभरानं खाली त्याची पाच. वर सहाशेवाल्याची चार, अकराशेवाल्याची तीन, आणि ती एक. खालचे गुणाकार सात हजार शंभर, वरचे तेरा हजार शंभर. राहिले सहा हजार. सगळी हळद मिळून पंचावन्न क्विंटल, तर क्विंटलमागं एकशे नऊ. म्हणजे आमच्या टेम्पोतल्या हळदीची खरी सरासरी १३,६०९. आप्पांच्या दरात आणि तिच्यात एकशे नऊ रुपयांचा फरक. मी बोलले होते तीन हजारांचा.

मग ते साडेसोळा आले कुठून?

आम्ही मेसेज पुन्हा उघडला. बारा हजार आणि एकवीस हजार. बेरीज तेहेतीस, भागिले दोन, साडेसोळा. ज्यानं कुणी तो मेसेज तयार केला त्यानं दोन टोकं घेतली होती आणि मधे चिरली होती. त्या दिवशी यार्डात पोत्यांच्या किती थप्प्या लागल्या, किती कुठल्या दरानं गेल्या, याच्याशी त्या साडेसोळाचा काही संबंध नव्हता. उद्या एखाद्यानं मुहूर्ताच्या सौद्याला फेटा बांधून, हार घालून, हौसेनं तीस हजारांची बोली लावली की ही सरासरी एकवीस हजारांवर जाऊन बसणार आणि गावोगावच्या लेकी आपापल्या बापांना फोन लावणार.

खरं तर बाजाराला हे ठाऊक आहे. सरकारी तक्त्यात तिसरा रकाना सरासरीचा नसतोच. राज्याच्या पणन मंडळाच्या तक्त्यात कमीत कमी दर, जास्तीत जास्त दर आणि तिसरा 'सर्वसाधारण दर' असतो. केंद्राच्या अ‍ॅगमार्कनेटवर त्याच जागी 'मोडल प्राइस' लिहिलेलं असतं. मोड म्हणजे बहुलक. ज्या दरानं त्या दिवशी बहुतेकांचा माल गेला तो दर. सर्वसाधारण हा किती नेमका शब्द आहे, सगळ्यांना साधारण असलेला! तो गावच्या ग्रुपपर्यंत येता येता कुणीतरी खोडून तिथं 'सरासरी' लिहितं, आणि एकदा सरासरी लिहिलं की पुढचा माणूस ती काढूनच टाकतो.

आप्पा तर यासाठी आकडाही वापरत नाहीत. पारावर कुणी विचारलं, "काय चाललंय बाजारात?" तर म्हणतात, "तेराच्या घरात हाय." घर! पुतण्याच्या पुस्तकात त्याला वर्ग म्हणतात : तेरा ते चौदा हजार हा वर्ग, त्याची वारंवारता पाच. अलीकडच्या वर्गात एक, पलीकडच्यात दोन. पुस्तकात बहुलकाचं सूत्रही आहे, तेही आम्ही लावलं. वर्गाची खालची मर्यादा तेरा हजार. पाचातून एक गेला चार, हा वर. खाली पाचाची दुप्पट दहा, त्यातून एक आणि दोन वजा, सात. चार सप्तमांश गुणिले हजार, पाचशे एकाहत्तर. १३,५७१. 'तेराच्या घरात' या दोन शब्दांत ते सगळं आहे, आणि वर एक सावधपणाही आहे की नेमका आकडा मला विचारू नका, तुमच्या हळदीचा दर तुमची हळद ठरवेल.

इथवर येऊन मी गप्प बसायला हवं होतं. पण जे आठवायला नको होतं तेच आठवलं. हे सगळं मला माहीत होतं. पुतण्याला शिकवताना नव्यानं उमगलं वगैरे काही नाही. कधीकाळी मी याचाच पगार घेत होते.

लग्नाआधीची चार वर्षं मी साताऱ्यात एका सरकारी कार्यालयात होते आणि पावसाळ्यात माझ्याकडं पर्जन्यमानाचा तक्ता असायचा. सकाळी फोन यायचे, तालुक्याचं नाव आणि मिलीमीटर. अकरा तालुके, अकरा ओळी, आणि तळाशी जाड अक्षरात 'जिल्ह्याची सरासरी'. आकडे आता आठवत नाहीत, पण जुलैतला कुठलाही दिवस साधारण असा दिसायचा, नमुन्यादाखल मांडते : महाबळेश्वर २२०, जावळी ४६, पाटण ४०, सातारा १८, वाई १४, कराड ९, कोरेगाव ४, खंडाळा ३, खटाव १, फलटण ०, माण ०. बेरीज ३५५, भागिले अकरा, ३२. एका जिल्ह्यात एका टोकाला वर्षाला साडेपाच हजार मिलीमीटरच्या पुढं कोसळणारं महाबळेश्वर आणि दुसऱ्या टोकाला पाचशेच्या आसपास भागवणारा माण-खटावचा मुलूख; त्यांची सरासरी काढणं हेच मुळात धाडस होतं. पण तक्त्यात ओळ होती, म्हणून मी ती भरायचे. बत्तीस मिलीमीटर पाऊस पडलेला एकही तालुका त्या यादीत नाही. मध्यक काढला असता तर कराडचे नऊ आले असते. आणि बहुलक शून्य.

एकदा माणमधल्या दहिवडीकडून फोन आला. माणूस वयानं मोठा वाटला, बोलणं फार अदबीचं. "मॅडम, पेपरात आलंय, जिल्ह्यात बत्तीस मिलीमीटर पडला म्हणून. तेवढं कुठं पडला ते सांगता का? जनावरं घेऊन जाऊन येतो." मी हसले होते. बाजूच्या टेबलावरच्यांनाही सांगून हसवलं. नंतर आमच्याकडचे एक जुने हेडक्लार्क, जे चहाच्या वेळीच बोलायचे, मला म्हणाले, "तुमच्या त्या शून्याच्या भागातच एक मोठा माणूस जन्मला, माहितीय का?" ते सांगत होते पांडुरंग वासुदेव सुखात्म्यांबद्दल. खटाव तालुक्यातल्या बुध गावचा जन्म, १९११ चा. पुढं जागतिक अन्न आणि कृषी संघटनेत सांख्यिकी विभागाचे संचालक. १९७१ च्या सुमाराला वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ या अर्थशास्त्रज्ञांनी माणशी रोज २,२५० उष्मांक अशी रेषा धरून देशातल्या गरिबीचा हिशेब मांडला, तेव्हा सुखात्म्यांनी हरकत घेतली, ती याच शब्दावर. ही गरज सरासरी आहे. धडधाकट माणसांचीही गरज सारखी नसते, एकाच माणसाची आज वेगळी, उद्या वेगळी. सरासरीच्या खाली खाणारा प्रत्येक जण उपाशी धरला तर पोट भरलेली माणसंही उपाशांत मोजली जातील. त्यावर पुष्कळ वाद झाला. काहींना हे भुकेचा आकडा लहान करून दाखवणं वाटलं, आणि त्यांचंही मला पटतं. पोट रिकामं असलेल्याला 'तुझी गरजच कमी असेल' हे ऐकवायला कुणाची जीभ रेटेल? पण हरकत म्हणून ती हरकत मी तेव्हा ऐकली होती, समजून घेतली होती, दहिवडीच्या माणसाचा फोनही विसरले नव्हते. तरीही आप्पांशी बोलताना माझ्या तोंडून पहिला शब्द निघाला तो सरासरी.

परकं दुःख असलं की सरासरीतली खोट दिसते. आपल्या घरचा आकडा तिच्याखाली निघाला की मात्र ती एकदम खरी वाटायला लागते, आणि कुणीतरी आपलं लुबाडलंय असंही.

संध्याकाळी आप्पा शेतातून आले. पायांना माती, हाताच्या रेघांत हळद. सोप्यात पसरलेल्या पट्ट्या बघून म्हणाले, "कुणाचं वाटप काढलंय?" पुतण्यानं सगळं सांगायला सुरुवात केली, मध्य, मध्यक, बहुलक, नवातले सातजण. आप्पा चहाची बशी दोन्ही हातांनी धरून ऐकत राहिले. मला वाटलं आता ते माझ्याकडं बघतील. ते बघितले नाहीत, पुतण्याला म्हणाले, "सरासरी बघायची तर कारखान्यावर जा की."

मला आधी कळलं नाही. मग आठवलं, आमचा निम्मा ऊस आहे. उसाचा कायदाच सरासरीचा. २०२४-२५ च्या हंगामाला एफआरपी, म्हणजे सरकारनं ठरवलेला उसाचा किमान दर, टनाला ३,४०० रुपये होती, ती १०.२५ टक्के उताऱ्याला. उतारा म्हणजे उसातून किती टक्के साखर निघाली ते. त्याच्या वर उताऱ्याच्या दर ०.१ टक्क्याला टनामागं ३३ रुपये २० पैसे. पण हा उतारा कुणाचा? कारखान्याचा, हंगामातल्या सगळ्या उसाचा मिळून सरासरी. आप्पांनी खत-पाण्याची वेळ पाळून, पक्व झाल्यावरच तोडलेला ऊस आणि कुणीतरी तोडणीवाल्यांच्या मर्जीनं, पाचटासकट, कोवळाच घातलेला ऊस गव्हाणीत पडला की एक. दोघांना दर एक. वाईट ऊस घालणारा चांगल्याच्या पदरातलं थोडं खातो, चांगला वाईटाला थोडं सांभाळतो. ते बरं की वाईट हे मला ठरवता येत नाही. ज्याची जमीन क्षारपड आहे त्याला तेवढाच आधार. "उसात मी न् तो सारखाच," आप्पा म्हणाले. "हळद माझी मला. मोडून बघत्यात, रंग बघत्यात, मग बोलत्यात. साडेतेरा म्हणाले तर ते माझ्या हळदीला म्हणाले." एवढं बोलून ते चूळ भरायला परसात गेले.

हळद परवडत नाही म्हणून दादा दरवर्षी ती कमी करायला सांगतो. नऊ महिन्यांचं पीक, खणणं, शिजवणं, वाळवणं, माणसं मिळत नाहीत. आप्पा दरवर्षी एक एकर ठेवतातच. ते का ठेवतात याचा माझ्या डोक्यातला हिशेब इतकी वर्षं निव्वळ पैशाचा होता. त्या दिवशी फोनवर मी त्यांच्या हळदीला उसाच्या मापानं मोजून आले होते.

माफी वगैरे मी मागितली नाही. आमच्याकडं बापलेकीत तसं बोलायची पद्धत नाही, आणि मागितली असती तर ते परसातून लवकर आलेच नसते. रात्री जेवण झाल्यावर सोप्याच्या भिंतीला टेकून बसले. समोरच्या भिंतीवर निळ्या ऑइलपेंटच्या दोन रेघा आहेत. खालची २००५ ची. वरची, माझ्या डोक्याच्याही वर, २०१९ ची. सांगलीत आयर्विन पुलापाशी पंचेचाळीस फुटांना धोका म्हणतात, त्या वर्षी पाणी साडेसत्तावन्नला गेलं होतं. रंग दिला तरी दादा त्या रेघा पुन्हा ओढतो. पोरगं झोपेत पुटपुटल्यासारखं म्हणालं, "आत्या, नदीचं मध्य काढलं तर रेघ कुठं येईल?" उंबऱ्याच्या खूप खाली, नदीतच, मी म्हणाले. त्याला ते ऐकू गेलं नसावं, झोपला होता. पट्ट्या आप्पांनी स्वतः गोळा करून पुन्हा तारेत ओवल्या होत्या, दराच्या क्रमानं नाही, ज्या क्रमानं टेम्पोतून उतरल्या तशा.

फेब्रुवारीत आप्पांचाच फोन आला. सहा पोती मागं ठेवलेली, ती काढावीत का नकोत यावर घरात चर्चा चालू होती. "आज काय हाय बघ जरा," म्हणाले. ग्रुपवर मेसेज आलेलाच होता : किमान १२,२००, कमाल २१,५००, आणि तिसरा आकडा, तोही नेमका मधे चिरलेला. मी तो वाचला नाही. दादाला दुसऱ्या फोनवरून विचारलं, आज टेम्पोत कोण कोण होतं, काय काय मिळालं. मग आप्पांना म्हणाले, "चौदाच्या घरात चाललंय. सातातल्या चौघांना तेवढाच मिळालाय."

"चौदाच्या," ते म्हणाले. मागं म्हैस साखळी ओढत होती. "मग राहू दे अजून आठ दिवस. जेवलीस का पोरी?"